पट्टी नसलेला सीपीयू

माहा जन्म फुलसावंगीचा, महागाव तालुका, आणि आता, पेपरवाल्या ताई, तुम्ही मले दिग्रसची समजता, पण मी दिग्रसची नाही, दिग्रसले मी पोटापायी आली. बा माहा गवंडी होता. गावातली अर्धी घरं त्याच्या हातची आहेत, आमचं सोडून, आमच्या घराची एक भिंत शेवटपर्यंत मातीचीच राहिली. बा शाळेत गेला नाही. पण विहारात पौर्णिमेले गाणं म्हणायचा बाच, आणि गाणी कोणाची तर त्याची स्वतःची, गिलावा मारता मारता जोडलेली. लिहून ठेवता येत नव्हती म्हणून तोंडातच राहायची. मधेच ओळ आठवली नाही तर हां जी, हां जी म्हणून खंजेरीवर दोन थापा मारायचा आणि पुढं जायचा. लोकायले वाटे ते गाण्यातच आहे. पोरंसुद्धा हां जी म्हणायची.

लग्न माहं बाभुळगावले झालं. त्याचं काय सांगू तुम्हाला, दोन वर्षं टिकलं, मग मी एक पिशवी घेऊन फुलसावंगीले परत आली. गाव बोललं. बा घमेलं धुऊन राह्यला होता, त्यानं मान वर केली न म्हणाला, आली तर आली, भाकर खाय. बस. याच्यापेक्षा जास्त तो काही बोलला नाही, आणि मी त्या दिवशी ठरवलं की या माणसाले माह्यापायी कोणासमोर मान खाली घालायची वेळ येऊ द्यायची नाही.

मग दिग्रसले टायपिंगच्या क्लासात झाडलोट, पाणी, आणि वेळ मिळाला की टायपिंग. त्या क्लासात चार कॉम्प्युटर आले. बिघडले की यवतमाळहून एक इंजिनिअर यायचा, सीडी टाकून सिस्टीम चढवायचा. आणि ताई, तो माणूस इतका हलकट, सीडी टाकली की स्क्रीन भिंतीकडं फिरवायचा. कोणी शिकलं तर त्याचा धंदा जाते ना. मले म्हणे, बाई, चहा आणा. मी चहा आणायची आणि मागं उभी राहायची, तिथं काचेचं कपाट होतं, त्या काचेत स्क्रीन दिसे, उलटी. निळा पडदा, पांढरी अक्षरं, सगळं उलटं. कोणत्या वेळी कोणतं बटण दाबते ते मी त्याच्या बोटावरून पाठ केलं. सहा महिने लागले. एका रविवारी क्लास बंद असताना मी एकटीनं एका कॉम्प्युटरवर सिस्टीम चढवली, आणि ते टक्के पुढं पुढं सरकून राह्यले होते तशी मी एकेक आकडा मोठ्यानं मोजत होती. झालं. चालू झाला. दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या सरांना म्हटलं, तो यवतमाळवाला जेवढे घेते त्याच्या निम्म्यात मी करते, पण कपाटाच्या बाजूची खोली मले दुकानाले द्या. सर हसले. मी हसली नाही. खोली घेऊनच उठली.

तिथून हे दुकान. भाव करण्यात माहा हात कोणी धरत नाही, हे तुम्ही बाजारात मेन लाइनले कोणालेही विचारा, नागपूरचे व्यापारी मले पाहून पहिले पाणी पितात. आणि राग. राग माह्या नाकावरच असते, ते मी नाकारत नाही. बाईनं दुकान चालवायचं म्हणजे एकदा नरम पडलं की लोक पायरीवर चपला काढायचेही बंद होतात.

दादा माहा मोठा भाऊ, संघपाल. शांत माणूस, बावर गेलेला. म्हणजे आवाज नाही, पण बासारखा धीमा. तो कापसाच्या जिनिंगमध्ये होता, जिनिंग बंद पडली, मी त्याले दुकानात घेतलं. लोक म्हणत, मोठा भाऊ बहिणीच्या हाताखाली. मी म्हणे, मग काय झालं. पण खरं सांगू, मी त्याले मोठा भाऊ म्हणून वागवलंच नाही. गिऱ्हाइकासमोर, दादा तुले एवढंही समजत नाही का, दादा तुह्या डोक्यात सरकी भरली का. तो हसायचा. वहिनी एकदा म्हणाली, ताई, घरी काही बोला, दुकानात बोलू नका. मी म्हटलं, दुकान आहे म्हणून घर आहे.

सिस्टीम चढवायले त्याले मीच शिकवलं. त्याले इंग्रजी येत नव्हतं म्हणून मी वावराच्या भाषेत शिकवलं, आम्ही बांधाले धुरा म्हणतो. म्हटलं, दादा, ही डिस्क म्हणजे वावर. याच्यात धुरे घातले आहेत, हा एक तुकडा, हा दुसरा तुकडा. सीडी टाकली की ते विचारते, धुरे ठेवू का मोडू. गिऱ्हाइकाचा माल जपायचा असला तर एकाच तुकड्यात नांगर घालायचा, दुसऱ्याले हात लावायचा नाही. माल जपायचा नसला तर सगळे धुरे मोडायचे, एकच वावर करायचं, आणि वरून नवं पेरायचं. त्याले हे बरोबर समजलं. एकदा समजलं की तो चुकत नव्हता. हे लिहा, तो चुकत नव्हता.

आणि माहा एक नियम होता. दुकानात एकसारखे काळे सीपीयू येत, दहा आले तर दहाही सारखे. मग मी लाल चिकटपट्टी आणली. ज्याचा माल जपायचा त्याच्यावर लाल पट्टी. पट्टी नाही म्हणजे सगळं उडवायचं. पट्टी मीच लावायची, दुसऱ्या कोणी नाही. आणि दादाले ताकीद होती, पट्टी पाहा, मले विचारू नको. कारण तो फार विचारायचा. रंजू, हे करू का, रंजू, ते करू का. गिऱ्हाईक म्हणे, याले येते का नाही? म्हणून मी म्हटलं होतं, विचारायचं नाही.

मग बाचं दुखणं निघालं. खर्रा. तुम्ही यवतमाळकडच्या नसाल तर तुम्हाला खर्रा माहीत नसेल, सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घासायचा आणि दिवसभर गालात. गवंडीकामात भूक मारायले बरा पडते. गालातून ते घशात उतरलं. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन केलं तर माणूस राहील, आवाज राहणार नाही. बानं मले विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, आवाज जाईल. तो म्हणाला, जाऊ दे, बोलून बोलून काय मोठं सांगितलं मी. पण मले माहीत होतं, त्याच्या तोंडात गाणी आहेत, आणि ती दुसरीकडं कुठंच नाहीत.

तारीख मिळाली होती पंधरा दिवसांनंतरची. मी बाले दिग्रसले आणलं, आणि रोज दुपारी शटर अर्धं ओढून, पंखा बंद करून, त्याच्यासमोर माइक ठेवून त्याची गाणी माह्या कॉम्प्युटरवर भरली. पंख्याचा आवाज येते म्हणून पंखा बंद, उन्हाळा, बाचा सदरा अंगाले चिकटलेला. खंजेरी मोठी वाजते म्हणून टेबलावर बोटानं ताल. दादा दाराशी बसून आल्यागेल्याले थांबवायचा. अठरा गाणी झाली. प्रत्येक गाण्याच्या पहिले बा खाकरायचा आणि विचारायचा, रंजे, चालू झालं का? मी म्हणे, बा, चालू आहे, ते विचारलेलं पण भरलं जाते. तो म्हणे, मग मिटवून टाक तेवढं. मी मिटवलं नाही.

ऑपरेशन झालं, बा वाचला, गळ्याले भोक, आवाज गेला. त्यानंतर रोज सकाळी तो दुकानात यायचा, माह्या काउंटरच्या बाजूच्या स्टुलावर बसायचा, कानाले हेडफोन लावायचा आणि बोटानं खूण करायचा, लाव. मी लावायची. तो डोळे मिटून ओठ हलवायचा. हां जीच्या जागी हलकाच हसायचा. गिऱ्हाइकायले वाटे, म्हातारं कायले हसते. अर्धा तास. मग उठून घरी.

तुम्ही म्हणाल, कॉपी काढून ठेवायची होती. मी लोकायले रोज सांगत होती ना, कॉपी काढा, कॉपी काढा. पण मले चांगल्या सीड्या करायच्या होत्या, वर बाचा फोटो, विहारात वाटायले. फोटो मनासारखा मिळून राह्यला नव्हता. आजारपणातला नको होता. त्या फोटोपायी राहिलं.

आता तो दिवस. यवतमाळले एका कचेरीतून जुने मॉनिटर निघणार होते, मी सकाळच्या एसटीनं गेलती. दुकानात एका क्लासचे पाच सीपीयू आले होते, सगळे साफ करून नव्यानं भरायचे, पट्टी कोणालेच नाही. दादाले सांगितलं होतं, पाच आहेत, मी येईपर्यंत पाचही झाले पाहिजेत. बाचा ड्रेसिंगचा दिवस होता, वहिनी त्याले घेऊन दवाखान्यात गेलती, म्हणून तो दुकानात आला नाही.

मी चारच्या सुमाराले परत आली, टेम्पोत मॉनिटर, मनासारखा भाव पाडून, खुशीत. दादानं चहा सांगून ठेवला होता. म्हणाला, रंजू, झाले सगळे. सहाही झाले.

मी म्हटलं, सहा?

आदल्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकाले नवा सेट काउंटरवर लावून दाखवायचा होता, म्हणून माहा स्वतःचा सीपीयू काढून खाली त्याच ओळीत ठेवला होता. कोणी ठेवला? मीच. त्याच्यावर पट्टी नव्हती. आपल्या स्वतःच्या सीपीयूले कोण पट्टी लावते. मी तो चालू केला. नवीकोरी सिस्टीम. समोर स्क्रीनवर एक कचऱ्याच्या डब्याचं चित्र, बाकी काहीच नाही. सगळे धुरे मोडलेले, एकच वावर, मी शिकवलं तसं, अगदी बरोबर.

मग मी काय बोलली ते सगळ्या लाइननं ऐकलं. पानठेलेवाला आला, बाजूचा टेलर आला. मी दादाले म्हटलं, डॉक्टरनं बाचा गळा एकदा कापला, तू दुसऱ्यांदा कापला. असं बोलली मी, ताई. माह्या मोठ्या भावाले. त्यानं दुकानाची चावी काउंटरवर ठेवली. ड्राइव्हमधून सीडी काढली, बाहीनं पुसली, तिच्या पाकिटात घातली, ते पाकीट चावीच्या बाजूले ठेवलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बा आला, स्टुलावर बसला, हेडफोन लावला, बोटानं खूण केली, लाव.

ते मले सांगवत नाही.

मी ती डिस्क घेऊन नागपूरले गेली, गेलेला माल काढून देणाऱ्याकडं. तो म्हणाला, बाई, नुसतं पुसलं असतं तर निघालं असतं, याच्यावर नवी सिस्टीम चढली आहे. आठ दिवस ठेवून घेतली. गाण्यांची नावं निघाली, अठराही, पण आत नुसती खरखर. एकातून चार सेकंद निघाले. खाकरणं, आणि, रंजे, चालू झालं का? मग खरखर.

ते मी बाले ऐकवलं. त्यानं ऐकलं, परत लाव म्हटलं, परत लावलं. मग हेडफोन काढून ठेवला आणि दादा बसायचा त्या दाराजवळच्या खुर्चीवर हात ठेवून मले खूण केली, याले बोलाव. मी म्हटलं, बा, तो या दुकानाची पायरी चढणार नाही. त्यानं परत खुर्चीवर थाप मारली. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. बानं हात काढून घेतला. बोलता येत असतं तर भांडला असता का नाही, मले माहीत नाही. दिवाळीच्या आधी बा गेला. दादानं माती दिली, मी दिली, आम्ही बोललो नाही. दादा बायकोपोराले घेऊन फुलसावंगीले गेला, आता महागाव लाइनले काळीपिवळी चालवते.

तेव्हापासून मी हे सगळ्यायले सांगत आली. माह्या भावानं न विचारता माह्या बापाचा आवाज पुसला. तुम्हीसुद्धा पहिल्या दिवशी विचारलं, त्याच्याजवळ फोन नव्हता का, त्यानं फोन कायले नाही केला? मी म्हटलं, तेवढी अक्कल पाहिजे ना.

फोन केला होता त्यानं.

लिहा. दुपारी बाराच्या सुमाराले केला होता. मी मॉनिटरवाल्याच्या पुढ्यात उभी, भाव तुटायच्या, म्हणजे पक्का व्हायच्या, बेतात आलेला, तो माणूस आता हो म्हणते का मग म्हणते असं झालेलं, आणि फोन वाजला. दादा म्हणाला, रंजू, तू पाच म्हणाली, इथं सहा आहेत. मी म्हटलं, मोजता येत नाही का तुले? कापला. परत वाजला. म्हणाला, मोजले, सहाच आहेत, सहाव्याचं काय करू? मी म्हटलं, पट्टी आहे का त्याच्यावर? तो म्हणाला, पट्टी नाही, पण. त्या पणच्या पुढं मी ऐकलं नाही. मी म्हटलं, पट्टी नाही ना, मग विचारतो कायले, उडव. आणि समोरच्याले हसून म्हटलं, भाऊ आहे माहा, सरकीचं डोकं. भाव तुटला त्या वेळी. माह्या मनासारखा.

त्या पणच्या पुढं काय होतं, मले आजही माहीत नाही.

मी टेम्पोत बसली तेव्हा मले त्या फोनची आठवण नव्हती. दुकानात कॉम्प्युटर चालू केला आणि कचऱ्याचा डबा दिसला तेव्हा आठवलं. त्याच क्षणी. आणि त्याच क्षणी मी ओरडायले सुरुवात केली, म्हणजे कोणी काही म्हणायच्या आत. तो म्हणू शकत होता, सगळी लाइन उभी होती, रंजू, तूच म्हणाली उडव. नाही म्हणाला. मले वाटलं, फुलसावंगीत जाऊन सांगेल. मले पक्की खात्री होती, गावात, विहारात, काळीपिवळीत बसलेल्या हरेक माणसाले तो सांगून राह्यला असेल की बहिणीनं सांगितलं म्हणून केलं. म्हणून मी त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगत राहिली. इतकी वर्षं. मले राग त्याचाच होता की हा मले बदनाम करून राह्यला.

मागच्या सोमवारी, तुम्ही येऊन गेल्यावर, वहिनी आली. त्यायच्या पोरीचं साक्षगंध ठरलं, ते सांगायले. उभ्याउभ्याच आलती, बसली नाही. मी म्हटलं, दादानं काय सांगितलं असेल माह्याबद्दल, सगळ्या गावाले माहीत असेल. वहिनी म्हणाली, ताई, कायबद्दल? म्हणाली, मी किती खेपा विचारलं, तुम्ही तर कधी चुकत नाही, मग त्या दिवशी कसं झालं. तर म्हणतात, झालं, माहीच चूक. दुसरं अक्षर नाही. बायकोलेसुद्धा नाही सांगितलं त्यानं. आणि वहिनी जाताना म्हणाली, पौर्णिमेले विहारात मामंजीची गाणी तेच म्हणतात आता. अठरा नाही येत, सात येतात. बाकीच्यात हां जी, हां जी करतात.

बा मरेपर्यंत हेच समजून गेला की दादानं चूक केली. ते काही मले आता दुरुस्त करता येत नाही. ती डिस्क माह्या ड्रॉवरमध्ये आहे, ती सीडी पण आहे, दादानं बाहीनं पुसून ठेवलेली. आता सीड्या कोणी वापरत नाही, पेनड्राइव्हवरच सगळं होते, वीस मिनिटांत. पट्टीचा नियम मी उलटा केला आहे. लाल पट्टी असली तरच उडवायचं, नसली तर हात लावायचा नाही, आणि विचारायचं, दहा वेळा विचारायचं. शिकाऊ पोरी विचारतात. मले राग येते, मी जीभ चावते.

तुम्ही आलत्या बाईनं दुकान कसं उभं केलं ते लिहायले. तीन दिवस मी तुम्हाला तेच सांगितलं, काचेतलं उलटं वाचणं, नागपूरचे व्यापारी, सगळं. त्यातलं तुम्हाला पाहिजे ते काढा, जागा कमी पडली तर माहं नावही काढा, मी काही म्हणणार नाही. पण हा फोन काढायचा नाही. दोन वेळा वाजला आणि दुसऱ्या वेळी मी म्हटलं, उडव. जसं बोलली तसं लिहा. यात भाव होणार नाही.

दादा रोजचा पेपर वाचते, गाडी भरेपर्यंत स्टिअरिंगवर ठेवून, त्याले हे दिसेल. साक्षगंधाले मी येईन, त्यानं ये म्हटलं तर, नाही म्हटलं तर इथूनच पोरीले सुखी राह्य म्हणेन, त्यालेही म्हणेन. खुर्ची दाराजवळच आहे, कोणाले बसू देत नाही मी तिच्यावर. दुकान सकाळी दहाले उघडते.